अनोळखी कॅमशाफ्टचा माग

पेनसिल्वेनियातल्या हर्शी आणि कार्लाईल या गावांत जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांचे मोठे बाजार भरतात. कार्ब्युरेटर, गिअरबॉक्स, हेडलाइटच्या चौकटी यांच्या ढिगात तिथे हमखास एखादा तेलकट कॅमशाफ्ट पडलेला असतो. सोबत डबा नसतो, आकड्यांचे कार्ड नसते. विकणारा सांगतो की हा शेव्हर्लेच्या व्ही-८ इंजिनाचा आहे आणि रेसिंगच्या गाडीतून काढला आहे. तो खोटे बोलत असेल असे नाही, त्यालाही तेवढेच सांगितलेले असते. पण एवढ्या माहितीवर रेसचे इंजिन बांधता येत नाही. पिस्टन कोणता, कॉम्प्रेशन किती, व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा किती ताकदीच्या आणि गिअर कोणते, हे सगळे या एका दांड्यावर अवलंबून असते.

व्हॉल्व्ह कधी उघडायचे, किती उघडायचे आणि कधी मिटायचे हे कॅमशाफ्ट ठरवतो. क्रँकच्या दोन फेऱ्यांत त्याची एक फेरी होते. त्याच्यावरच्या प्रत्येक उंचवट्याला, म्हणजे लोबला, एक गोल पाठ असते आणि एका बाजूला नाक असते. पाठ टॅपेटखाली असेपर्यंत व्हॉल्व्ह बंद राहतो. नाक आले की टॅपेट वर जातो, पुशरॉड आणि रॉकर हलतात आणि व्हॉल्व्ह उघडतो. रस्त्यावरच्या गाडीचा लोब व्हॉल्व्हला थोडा वेळ उघडा ठेवतो. रेसच्या गाडीचा लोब तो बराच लवकर उघडतो आणि बराच उशिरा मिटवतो, कारण मिनिटाला सात हजार फेऱ्यांच्या वेगाला सिलिंडर भरायला हवेला वेळच मिळत नाही. त्याची किंमत कमी वेगात मोजावी लागते. इंजिन थरथरत चालते, व्हॅक्यूम पडतो आणि खालची ओढ जाते.

उदाहरणासाठी शेव्हर्लेचे स्मॉल-ब्लॉक घेतो, कारण बाजारात सर्वांत जास्त अनोळखी कॅम त्याचेच सापडतात. १९५५ मध्ये ते २६५ घनइंचांचे म्हणून आले. पुढे २८३, ३०२, ३२७, ३५० अशी त्याची भावंडे निघाली, आणि दहा कोटीवे स्मॉल-ब्लॉक तयार झाल्याचे जनरल मोटर्सने २०११ मध्ये जाहीर केले. ड्रॅग स्ट्रिप, मातीचे गोल ट्रॅक, बोटी, व्हिंटेज रेसिंग अशा सगळीकडे ही इंजिने वापरली गेली. जितकी इंजिने तितके कॅम घासणारे कारखाने, आणि प्रत्येकाची आपली वेगळी क्रमांकांची पद्धत.

पहिला प्रश्न साधा असतो : हा त्याच इंजिनाचा आहे का? उत्तर मायक्रोमीटर देतो. स्मॉल-ब्लॉक शेव्हर्लेच्या कॅमला पाच जर्नल, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणारे गोल भाग, असतात आणि पाचही १.८६८ इंच व्यासाचे. बिग-ब्लॉकचे जर्नल त्याहून जाड, १.९४८ इंचांचे. फोर्डच्या स्मॉल-ब्लॉकमध्ये पुढून मागे जाताना जर्नलचा व्यास पायरीपायरीने कमी होतो. डिस्ट्रिब्युटर फिरवणारा गिअर शेव्हर्लेत मागच्या टोकाला असतो, फोर्डमध्ये पुढच्या. १९५५ आणि १९५६ च्या शेव्हर्ले ब्लॉकमध्ये मागच्या जर्नलला तेल पुढे जाण्यासाठी खाच लागते. ती नसलेला कॅम त्या ब्लॉकात घातला तर वरच्या रॉकरना तेल मिळत नाही. १९८७ पासून शेव्हर्लेने हायड्रॉलिक रोलर कॅम बसवायला सुरुवात केली. त्यांचे पुढचे टोक पायरीचे असते आणि स्प्रॉकेटच्या बोल्टांचे वर्तुळ लहान, त्यामुळे ते नजरेलाच कळतात.

आता लिहिलेले वाचायचे. इथे लोक सर्वांत जास्त फसतात. लोबांच्या मधल्या खडबडीत भागावर उठावदार अक्षरे असतात. 'सीडब्ल्यूसी' ही अक्षरे इतक्या कॅमवर दिसतात की अनेकांना ते कॅम बनवणाऱ्याचे नाव वाटते. प्रत्यक्षात ते मिशिगन राज्यातल्या मस्कीगनच्या ओतकाम कारखान्याचे चिन्ह आहे : कॅम्पबेल, वायंट अँड कॅनन. हा कारखाना बिडाचे कच्चे दांडे ओतून देई आणि घासणारे वेगवेगळे कारखाने ते विकत घेऊन त्यावर आपापले लोब घडवत. म्हणजे त्या अक्षरांवरून लोखंड कुठले ते कळते, लोब कसा आहे ते कळत नाही. शेव्हर्लेच्या मूळ कॅमवरही ओतकामाचा क्रमांक आणि पार्ट नंबर एकच असेल असे नाही. उपयोगी असतो तो पुढच्या किंवा मागच्या सपाट टोकावर ठोकलेला किंवा कोरलेला क्रमांक. रॉकेलने टोक स्वच्छ करून, तिरक्या उजेडात भिंग धरून तो शोधावा. सापडला आणि घासणारा कारखाना अजून चालू असला तर अर्धे काम झाले.

अर्धेच, कारण जुना कॅम पुन्हा घासून नवा लोब काढण्याचा उद्योग अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धाआधीपासून चालत आला आहे. कॅलिफोर्नियात एड विनफिल्ड आणि त्याच्यानंतर एड इस्केन्डेरियन यांनी मोठे नाव कमावले ते अशाच कामावर. पुन्हा घासताना टोकावरचा जुना क्रमांक बहुतेक वेळा तसाच राहतो. त्यामुळे क्रमांक एक सांगतो आणि लोब दुसरेच. याची खूण लोबच्या पाठीत असते. नाकावर नवे लोखंड आले नसेल तर उचल वाढवायला पाठच खाली घासावी लागते. पाठीचा व्यास त्याच जातीच्या मूळ कॅमपेक्षा स्पष्ट कमी भरला तर हा पुन्हा घासलेला दांडा आहे, असे धरून चालावे. मग पुशरॉड लांब लागतील, आणि वरचा कठीण थर किती उरला आहे हेही विचारावे लागेल.

टॅपेट कोणत्या जातीचा लागेल, हा पुढचा प्रश्न. सपाट टॅपेटचा लोब बिडाचा, काळपट आणि नाकाकडे टोकदार असतो. रोलर टॅपेटचा लोब गुबगुबीत, नाकाला गोलसर आणि चकचकीत असतो, आणि रेसिंगचे बहुतेक रोलर कॅम पोलादाच्या सळईतून काढलेले असतात. हा फरक चुकवून चालत नाही. पोलादी कॅमच्या गिअरशी डिस्ट्रिब्युटरचा साधा बिडाचा गिअर जोडला तर तो खाल्ला जातो, म्हणून तिथे ब्राँझचा गिअर घालतात. सपाट टॅपेटच्या लोबला रुंदीत एक-दोन हजारांश इंचांचा उतार असतो आणि टॅपेटचा तळ किंचित फुगीर. त्यामुळे टॅपेट स्वतःभोवती फिरत राहतो आणि झीज पसरते. त्या उताराचा रेटाही दांड्याला मागे दाबून धरतो. रोलर कॅमला हा उतार नसतो, त्यामुळे दांडा पुढे सरकू शकतो, म्हणून रोलर कॅम जुन्या ब्लॉकात घातला तर पुढे थ्रस्ट बटण बसवावे लागते.

सॉलिड की हायड्रॉलिक, हे मात्र डोळ्यांनी ओळखता येत नाही. फिलर गेजने टॅपेट लावलेल्या कुणालाही सॉलिड टॅपेटची फट ठाऊक असते. ती फट हळूच भरून काढण्यासाठी सॉलिड लोबच्या सुरुवातीला आणि शेवटी एक लांब, संथ चढ असतो. हायड्रॉलिक टॅपेटमध्ये फट नसते, म्हणून त्याच्या लोबवरचा असा चढ बराच आखूड असतो. सॉलिड लोबवर हायड्रॉलिक टॅपेट चालवले तर तो संथ चढच व्हॉल्व्हला किंचित उघडा धरून ठेवतो. व्हॉल्व्हला बसायला आणि थंड व्हायला कमी वेळ मिळतो. उलटे केले, हायड्रॉलिक लोबवर थोड्या फटीने सॉलिड टॅपेट घातले, तर ते चालते, फक्त खडखड जास्त होते. चढ ओळखायचा तर मोजलाच पाहिजे.

मोजायला महागडे यंत्र लागत नाही. सपाट लाद, दोन व्ही-ब्लॉक, अंशांच्या खुणा असलेली मोठी चकती आणि डायल गेज एवढे पुरते. पुण्या-कोल्हापुरातल्या कुठल्याही चांगल्या मशीन शॉपमध्ये हे साहित्य असते. कॅमचे जर्नल व्ही-ब्लॉकवर ठेवायचे, चकती पुढच्या टोकाला पक्की करायची, आणि आधी मधल्या जर्नलवर गेज लावून दांडा वाकलेला नाही ना हे पाहायचे. वाकलेल्या दांड्याचे पुढचे सगळे आकडे व्यर्थ असतात.

डायल गेजचे टोक कोणते लावले यावर सगळा हिशेब ठरतो. गेजबरोबर येणारे अणकुचीदार टोक कॅम मोजायला वापरू नये. सपाट टॅपेट लोबला नेमक्या मधल्या बिंदूवर टेकत नाही. नाक वर येत असताना स्पर्शबिंदू टॅपेटच्या तळावर एका कडेकडे सरकतो आणि नाक माथ्यावर आले की पुन्हा मध्यावर येतो. अणकुचीदार टोक हे सरकणे टिपूच शकत नाही. त्यामुळे त्याने मोजलेली उचल माथ्यावर बरोबर येते, पण मधल्या प्रत्येक अंशाला चुकते, आणि व्हॉल्व्ह किती काळ उघडा राहतो हा आकडा भलताच निघतो. सपाट कॅमसाठी सपाट पायाचे टोक किंवा खरा टॅपेटच वापरावा. रोलर कॅमसाठी त्याच व्यासाचा रोलर हवा. एकाच लोबवर दोन वेगळ्या टोकांनी दोन वेगळे कॅम 'सापडतात', आणि चुकीच्या ओळखींचा मोठा भाग इथून येतो असे माझे मत आहे.

पहिला आकडा लोबची उचल. गेज पाठीवर शून्य करायचे आणि नाकावर वाचायचे. व्हॉल्व्हची उचल हवी असेल तर तिला रॉकरच्या गुणोत्तराने गुणायचे, ते स्मॉल-ब्लॉकवर १.५ असते. पण तुलना नेहमी लोबच्या उचलीशीच करावी. व्हॉल्व्हच्या छापील आकड्यात रॉकर कोणता धरला आहे, फट वजा केली आहे की नाही, हे कुणी लिहितो, कुणी लिहीत नाही.

दुसरा आकडा काळाचा, म्हणजे व्हॉल्व्ह किती अंश उघडा राहतो. इथे सुरुवात कुठून धरायची हा जुना वाद आहे. कुणी टॅपेट ०.००४ इंच उचलला की मोजतो, कुणी ०.००६ वर, आणि सॉलिडसाठी कुणी ०.०२० वर. त्यामुळे जाहिरातीतले आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. अमेरिकेतल्या कॅमवाल्यांनी कालांतराने ०.०५० इंच हे समान माप मानले. टॅपेट ०.०५० इंच चढल्यापासून तो परतीला ०.०५० वर येईपर्यंत चकती किती अंश फिरली ते वाचायचे आणि दुप्पट करायचे, कारण क्रँक दुप्पट फिरतो. दांड्यावर १२७ अंश आले तर क्रँकचे २५४.

तिसरा आकडा दोन नाकांमधला कोन. एकाच सिलिंडरच्या इनटेक आणि एक्झॉस्ट लोबच्या नाकांमध्ये किती अंश आहेत, हे दांड्यावर थेट मोजायचे, दुप्पट न करता. नाकाचा नेमका बिंदू गेजवर शोधू नये, कारण तिथे काटा कित्येक अंश जवळपास स्थिर असतो. चढताना आणि उतरताना समान उंचीचे दोन बिंदू घ्यावेत आणि त्यांचा मध्य काढावा. हा कोन घासतानाच ठरलेला असतो. इंजिनात कॅम पुढे-मागे फिरवून बसवता येतो, पण हा कोन बदलता येत नाही, म्हणून ओळखीसाठी तो फार मोलाचा.

हे तिन्ही आकडे एकत्र का लागतात, हे शेव्हर्लेच्याच जुन्या कॅमवरून नीट दिसते. झोरा आर्कस-डन्टॉव्ह हा ब्रसेल्समध्ये जन्मलेला इंजिनिअर १९५३ मध्ये जनरल मोटर्समध्ये आला. जानेवारी १९५६ मध्ये डेटोनाच्या वाळूवर त्याने कॉर्व्हेट ताशी १५० मैलांच्या पुढे पळवली, तीही स्वतः आखलेल्या कॅमवर. पार्ट नंबरच्या शेवटच्या तीन आकड्यांवरून लोक त्याच्या कॅमला '०९७' म्हणू लागले. त्या कॅमची व्हॉल्व्हवरची उचल ०.३९४ आणि ०.४०० इंच, म्हणजे लोबवर साधारण ०.२६३ आणि ०.२६७. आता १९६७ पासून साध्या सेडान आणि स्टेशन वॅगनमध्ये येणारा '९२९' कॅम घ्या. त्याची लोबवरची उचल ०.२६० आणि ०.२७३. निव्वळ उचल मोजून या दोघांना वेगळे करणे कठीण. काळ मोजला की मात्र लगेच कळते : घरगुती कॅम ०.०५० वर १९५ आणि २०२ अंश, तर डन्टॉव्हचा २२० च्या पुढे. डन्टॉव्हने उचल फार न वाढवता व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडा ठेवला. माझ्या मते १९५० च्या दशकातल्या दुबळ्या स्प्रिंगांसाठी तो फार शहाणा मार्ग होता.

दुसरी जोडी याहून बोलकी आहे. १९६४ मध्ये कॉर्व्हेटच्या ३२७ इंजिनात एक नवा सॉलिड कॅम आला. दोन्ही बाजूंना ०.०३० इंच फट, म्हणून त्याला 'थर्टी-थर्टी' म्हणतात. हाच कॅम पुढे १९६७ ते १९६९ च्या कॅमेरो झेड-२८ मध्ये गेला. ते ३०२ घनइंचांचे इंजिन ट्रान्स-ॲम स्पर्धेच्या पाच लिटरच्या मर्यादेत बसावे म्हणूनच बनवले होते. थर्टी-थर्टीची उचल दोन्ही बाजूंना ०.४८५ इंच, काळ २५४ अंश, नाकांमधला कोन ११४. मग १९७० मध्ये एलटी-१ इंजिन आले. त्याच्या कॅमची एक्झॉस्टची उचल ०.४८५ आणि काळ २५४, म्हणजे एक्झॉस्टच्या बाजूला थर्टी-थर्टीचेच आकडे. इनटेक मात्र लहान, ०.४५९ इंच आणि २४२ अंश, आणि कोन ११६. ज्याने एकच एक्झॉस्ट लोब मोजला तो थर्टी-थर्टी समजून एलटी-१ घेऊन जाईल. सरासरी काळातून कोनाची दुप्पट वजा केली की दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे असण्याचे अंश मिळतात. थर्टी-थर्टीसाठी २५४ वजा २२८ म्हणजे २६. एलटी-१ साठी २४८ वजा २३२ म्हणजे १६. या दहा अंशांनी संथ चालीचा आणि खालच्या ओढीचा सगळा स्वभाव बदलतो.

काही सापळे रेसच्या दुनियेचेच आहेत. जुळ्या इंजिनांच्या बोटींसाठी उलट दिशेने फिरणारी इंजिने बनत, आणि त्यांचे कॅमही बाजारात येतात. लोब नेहमीसारखेच दिसतात, पण त्यांचा क्रम उलटा असतो. रेसवाले कधी फायरिंग ऑर्डरमध्ये चौथे आणि सातवे सिलिंडर आपसात बदलून घेतात. मूळ १-८-४-३-६-५-७-२ चे १-८-७-३-६-५-४-२ होते. एका सिलिंडरचे लोब मोजून हे कधीच कळणार नाही. म्हणून सोळाही लोबांच्या नाकांचे अंश कागदावर मांडून फायरिंग ऑर्डर त्यातून काढून पाहावी. वेळ लागतो, पण इंजिन बांधून झाल्यावर दोन सिलिंडर चुकीच्या वेळी श्वास घेताना सापडण्यापेक्षा हे बरे. दुसऱ्या कंपनीच्या टॅपेटसाठी आखलेला लोब हाही असाच सापळा. शेव्हर्लेच्या टॅपेटचा तळ ०.८४२ इंच रुंद, फोर्डचा ०.८७५ आणि क्रायस्लरचा ०.९०४. तळ जितका रुंद तितक्या वेगाने लोब टॅपेटला उचलू शकतो. रुंद टॅपेटसाठी आखलेला चढ शेव्हर्लेच्या दांड्यावर घासला तर स्पर्शबिंदू टॅपेटच्या काठाबाहेर जातो आणि काठ लोबमध्ये घुसतो.

इतके करूनही अनेकदा नाव सापडत नाही. कारखाना बंद पडलेला असतो, किंवा लोब एखाद्या घासणाऱ्याने एका गिऱ्हाइकासाठी एकदाच काढलेला असतो. इथे बरेच लोक हताश होतात, आणि ते मला चुकीचे वाटते. नाव हवे होते ते आकडे मिळवण्यासाठी, आणि आकडे तर आता हातात आहेत. सोळा लोबांची उचल, काळ आणि कोन लिहिलेला कागद बऱ्याच छापील कार्डांपेक्षा खरा असतो. कार्ड आखणी सांगते, कागद आजचा दांडा सांगतो.

आजचा दांडा म्हणजे झीजही आलीच. सोळा आकड्यांत एक-दोन हजारांश इंचांचा फरक मान्य. पण सात इनटेक लोब ०.३२३ असतील आणि आठवा ०.३१२, तर त्या लोबचा कठीण थर गेला आहे. असा कॅम कितीही नावाजलेला असला तरी तो भंगार आहे. सपाट टॅपेटच्या लोबचा रुंदीतला उतार दोन्ही कडांना मायक्रोमीटर लावून पाहावा. उतार नाहीसा झाला असेल तर नवा टॅपेट तिथे फिरणार नाही, आणि न फिरणारा टॅपेट लोब खाऊन टाकतो. जुन्या कॅमसोबत जुने टॅपेट मिळाले तर ते कोणत्या लोबचे हे माहीत असल्याशिवाय वापरू नयेत. प्रत्येक टॅपेट आपल्याच लोबशी घासून बसलेला असतो. क्रम हरवला असेल तर नवे टॅपेट घ्यावेत.

मग इंजिनात बसवताना शेवटची मोजणी. पिस्टनला अडवणारा स्टॉप लावून खरा वरचा मृतबिंदू शोधायचा, चकती क्रँकला लावायची आणि इनटेक नाकाचा मध्य कुठे येतो ते पाहायचे. आपला २५४ अंशांचा लोब ११० वर बसवला तर इनटेक ०.०५० वर मिटतो तो पिस्टन तळाला गेल्यानंतर ५७ अंशांनी. तोवर वर येणारा पिस्टन भरलेल्या हवेचा काही भाग परत ढकलत असतो. ८.५ कॉम्प्रेशनच्या इंजिनात असा कॅम खालच्या वेगाला मेल्यासारखा चालेल. त्याला ११ च्या आसपासचे कॉम्प्रेशन शोभते. कॅम चार अंश पुढे घेऊन इनटेक लवकर मिटवता येतो. त्यासाठी अनेक खाचांचे क्रँक स्प्रॉकेट किंवा डॉवेलवरचे तिरके बुशिंग मिळते. पण कॅम पुढे घेतला की इनटेक व्हॉल्व्ह पिस्टनच्या जवळ येतो. म्हणून पिस्टनच्या माथ्यावर मऊ मातीची चकती ठेवून इंजिन हाताने दोन फेऱ्या फिरवतात आणि माती कापून जाडी मोजतात. इनटेकला ०.०८० इंच आणि एक्झॉस्टला ०.१०० इंचांहून कमी जागा उरली तर रेसच्या वेगाला व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळण्याचा धोका असतो. मग पिस्टनमधले खळगे खोल करून घ्यावेत, नाहीतर दुसरा कॅम शोधावा.